दुपारचा दिवा

लिटमसबाईंनी माशांच्या टाकीवर टांगलेल्या दिव्याच्या पाठीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दिवा चांगलाच तापला होता.

“मावशी, हा दिवा कुणी लावला?”

“आपोआपच लागतो की तो, ताई. तुम्हीच तर टायमर बसवलाय.”

“आपोआप लागतो तो मी घरात येण्याच्या वेळेला. आत्ता मी चपला काढतेय तोवर तो एवढा तापेल होय?”

मावशींच्या हातात सासूबाईंचा धुतलेला गाऊन होता. त्यांनी त्याची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. “मी त्या पेटीच्या वाटेलाच जात नाही, ताई. आजींचं करण्यात दुपार कुठं जाते कळत नाही मला.”

आतल्या खोलीत सासूबाई खोकल्या. त्यांचा खोकला नेहमी मोक्याच्या जागी यायचा. लिटमसबाई खाली वाकल्या आणि काचेतून बघू लागल्या. लाल पानांच्या झाडावर, पुढच्या गवतावर, सगळीकडे बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते. भरपूर उजेड मिळाला की झाडं असे बुडबुडे सोडतात, पण त्याला काही तास जावे लागतात. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांचं खरं नाव कॉलेजात कुणाला आठवत नसे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. काचेची भांडी मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, असं त्यांचं काम. कुणी दुसऱ्याचं उत्तर पाहून आकडा लिहिला तर नुसता चेहरा बघून त्यांना कळायचं, आणि कळलं की त्यांचाही चेहरा तिथल्या तिथे रंग बदलायचा. त्यावरून मुलांनी त्यांना लिटमसबाई म्हणायला सुरुवात केली. पुढे शिक्षकही म्हणू लागले. बाईंना राग यायचा नाही. माणसाचा खरा गुण बाहेर काढणारा कागद, त्यात वाईट काय आहे, असं त्यांना वाटे.

घरात मूलबाळ नव्हतं. नवरा घड्याळजी, बाजारातल्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावर होत्या, म्हणून दिवसभरासाठी मावशी ठेवल्या होत्या. आणि बाईंचा स्वतःचा असा एकच षोक होता, तो म्हणजे ही टाकी. प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं त्यांनी रीतसर मागून घरी आणलं आणि दुरुस्त करून टाकीला जोडलं होतं. तिथून वेड लागलं. पाण्याखाली असं रान उगवलं होतं की बघणारा दोन मिनिटं बोलायचा थांबे.

“दिवा म्हणजे झाडांची भूक आणि गॅस म्हणजे त्यांचं जेवण,” त्या आल्यागेल्याला सांगत. “भूक जागी करायची आणि जेवायला वाढायचं नाही, असं केलं की झाडं रुसतात, आणि बिनबोलावलं शेवाळ ताटावर येऊन बसतं. बरं, वाढताना हात सैल सोडावा, तर मासे गुदमरतात. दोन्ही बेतानंच लागतं.” बेत बरोबर आहे का ते बघायला काचेला आतून बोराएवढी एक कुपी चिकटवलेली होती. तिच्यातलं पाणी गॅस कमी पडला की निळं राही, जास्त झाला की पिवळं होई, आणि हवा तेवढा असला की गवतासारखं हिरवं.

काही महिन्यांपासून मात्र हा बेत बिघडला होता. लाल पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखं शेवाळ धरलं होतं. दगडांवर हिरवे केस उगवले होते. बाईंनी खत बदललं, पाणी बदललं, हाताला सुरकुत्या पडेपर्यंत काचा घासल्या. काही उपयोग झाला नाही. आज दिव्याला हात लागला आणि कारण समजलं. आपण घरात नसताना कुणीतरी दिवा लावतं आणि आपण यायच्या आत टायमर पुन्हा जागेवर आणतं. गॅस त्या वेळी बंद असतो. झाडं उपाशी आणि शेवाळाची चैन.

जेवताना त्यांनी नवऱ्याकडे विषय काढला.

“मावशी दुपारी दिवा लावतात, आणि विचारलं तर नाही म्हणतात.”

“बल्ब जुना झाला असेल. तापत असेल,” घड्याळजी म्हणाले. ते ताटाकडे बघून बोलत होते.

“त्यात बल्ब नाहीये. आणि दिवे तापायला लागले म्हणून पानांवर बुडबुडे येत नाहीत.”

“तुला सगळीकडे चोरच दिसतो. घर आहे हे, परीक्षेचं दालन नाही.”

“चोर नसला तर मला बरंच आहे की.”

घड्याळजींनी पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला आणि तो आडवा केला. पाणी टेबलभर पसरलं. “धांदरटपणा,” ते स्वतःशीच पुटपुटले आणि उठून फडकं आणायला गेले. हल्ली त्यांचं असंच होत होतं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात मावशी होत्या.

एकदा मनात पाल चुकचुकली की लिटमसबाई दुसऱ्या कशाकडे बघत नसत. पुढच्या आठवड्यात त्यांना मोरीत दोन कप सापडले. सासूबाई दुपारी चहा घेत नसत, त्यांना झोप येत नसे म्हणून. मग दुसरा कप कुणाचा? पुढे हे दोन कप त्यांना रोजच दिसू लागले. कधी धुऊन उपडे घातलेले, कधी तळाशी साय धरलेले. टाकीजवळची खुर्ची सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेली असे, ती संध्याकाळी हातभर पुढे आलेली असे. कुणीतरी येत होतं. पुढच्या खोलीत बसत होतं. उजेडात, मासे बघत, चहा घेत. आणि आत एक म्हातारं माणूस असहाय पडलेलं.

त्यांनी आधी सासूबाईंना खोदून पाहिलं.

“आई, दुपारी कुणी येतं का हो आपल्याकडे?”

“मला मेलीला काय दिसतंय इथून? छत दिसतं,” सासूबाई म्हणाल्या.

“दिसत नसेल, पण ऐकू तर येतं. शेजारच्यांच्या भांडणातला शब्दन् शब्द सांगता तुम्ही.”

“भांडणं मोठ्यानं होतात म्हणून येतं ऐकू.” आणि सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सासूबाईही सामील आहेत म्हटल्यावर बाईंचा तोल गेला. त्या बाहेर आल्या. मावशी घरी निघाल्या होत्या, पिशवी खांद्याला होती.

“मावशी, सरळ विचारते. दुपारी तुमच्याकडे कोण येतं?”

मावशींचा चेहरा पडला. लिटमसबाईंना असे चेहरे पाठ होते. पडलेला चेहरा म्हणजे निम्मा कबुलीजबाब.

“माझ्याकडे कुणी येत नाही, ताई.”

“मग दुसरा कप कुणाचा?”

 मावशींनी आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं.

“आईंकडे काय बघताय? मी विचारतेय तुम्हाला. घरात परकं माणूस आणून बसवता, त्याच्यासाठी दिवे लावता, आणि वर मला टायमरच्या गोष्टी सांगता.”

“परकं माणूस मी आणलेलं नाही. पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तर मला देता यायचं नाही.”

“का नाही?”

“दिलं नाही म्हणजे झालं. तुम्हाला पटत नसेल तर उद्यापासून येत नाही.”

“नका येऊ,” लिटमसबाई म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी सासूबाईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, उशाशी पाण्याचं भांडं हाताला लागेल असं सरकवलं. बाहेर येताना दारात थांबून म्हणाल्या, “या घरातली काडीसुद्धा मी नेलेली नाही, ताई. तेवढं मनात ठेवू नका.”

रात्री घड्याळजींना कळलं तेव्हा ते चपला काढता काढता तसेच उभे राहिले.

“काढून टाकलंस?”

“गेल्या त्या. उत्तर नव्हतं त्यांच्याकडे.”

ते काहीतरी बोलणार असं वाटलं. पण त्यांनी चपला भिंतीशी नीट लावल्या आणि म्हणाले, “मग आईकडे मी बघत जाईन दुपारचं. दुकानात तशीही दुपारी गर्दी नसते. सकाळी शेजारच्या वहिनी डोकावतील.”

उत्तर फारच तयार होतं. लिटमसबाईंना ते खटकलं, पण त्या दिवशी त्या दमल्या होत्या.

आता घरात परकं कुणी नव्हतं. महिन्याभरात शेवाळ हटायला हवं होतं, पण ते वाढतच गेलं. बाईंनी मग दुसरी बाजू धरली. उजेड कुठून येतो ते सापडत नाही ना, मग गॅस वाढवू, जेवण वाढवलं तर झाडं तरी तगतील. त्यांनी नळकांड्याची कळ थोडी सैल केली, आणखी काही दिवसांनी अजून थोडी, आणि गॅस सकाळीच सुरू होईल असं केलं. कुपीतलं पाणी पिवळ्याकडे झुकू लागलं. दिसत होतं त्यांना ते. प्रयोगशाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्याचा कान धरला असता. पण कुणीतरी आपल्याला फसवतंय या विचारानं माणूस आपलेच नियम मोडतो.

एक दिवस कॉलेजच्या कामासाठी त्यांना दुपारी बाजारात जावं लागलं. काचेच्या नळ्या घ्यायच्या होत्या. वाट गल्लीवरून जात होती, आणि घड्याळाच्या दुकानाचं शटर खाली होतं. ते असणारच, आईपाशी कुणीतरी हवं. तरी पाय थांबले. शेजारी किल्ल्या करणारा माणूस बसे, तो ओळखीचं हसला.

“दुपारचे नसतात ते, वहिनी.”

“हो, माहीत आहे. सासूबाईंकडे बघायला कुणी नाही सध्या, म्हणून घरी येतात.”

“सध्या नव्हे हो. उन्हाळ्याच्या आधीपासून दुपारी शटर ओढतात ते. मी म्हटलं, आमच्यासारखं डुलकी काढायला जात असतील.” किल्लीवाल्यानं कानस उचलली. “गिऱ्हाईक परत जातं. मी सांगतो, संध्याकाळी या.”

लिटमसबाईंनी नळ्या घेतल्याच नाहीत. उन्हाळ्याच्या आधी तर मावशी घरात होत्या. दुकान बंद, घरात मावशी, दोन कप, पुढे ओढलेली खुर्ची. ‘सांगता यायचं नाही’ म्हणणाऱ्या मावशी. ताटाकडे बघून बोलणारा नवरा. भिंतीकडे तोंड फिरवणारी सासू. सगळ्यांना माहीत होतं, एक आपल्यालाच नव्हतं. वीस-बावीस वर्षं आपण ज्या माणसाच्या शेजारी झोपलो त्याच्याबद्दल असं काही मनात येईल हे त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि आता ते आलं होतं आणि जात नव्हतं. रस्त्यानं चालताना त्यांचे कान तापले होते.

त्यांनी बेल वाजवली नाही. आपल्या किल्लीनं दार उघडलं, आवाज होऊ न देता.

पुढच्या खोलीत दिवा लखलखत होता. घरातला सगळ्यात प्रखर उजेड तो. तारांवर टांगलेला दिवा पुढे ओढून कलता केला होता आणि टेबल काचेला भिडवलं होतं. टेबलावर पांढरं फडकं पसरलेलं होतं, त्यावर उघडलेलं मनगटी घड्याळ. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून इतके वाकले होते की नाक घड्याळाला टेकेल असं वाटत होतं. बाजूला चहाचा कप होता. दुसरं कुणी नव्हतं.

बाई दाराच्या आत उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या उजव्या हाताला, चार पावलांवर. काही आडोसा नव्हता. त्यांना वाटलं, आता मान वळेल, आता विचारतील, एवढ्या लवकर कशी? घड्याळजींनी मान वर केली, भिंग काढलं, डोळे चोळले आणि समोर भिंतीकडे पाहिलं. मग त्यांचा हात फडक्यावर फिरू लागला. काहीतरी शोधत होते. बाईंना ते उभ्या जागेवरून दिसत होतं. खसखशीएवढा स्क्रू, त्यांच्या मनगटापासून दोन बोटांवर, पांढऱ्या फडक्यावर चमकत पडलेला. हात त्याच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. घड्याळजींनी फडक्याची कड उचलून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. पुन्हा बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“तुमच्या उजव्या हाताला आहे,” लिटमसबाई म्हणाल्या.

ते इतके दचकले की टेबल हललं. त्यांनी सबंध मान, सबंध अंग वळवलं, तेव्हा कुठे त्या त्यांना दिसल्या.

“कधी आलीस?”

“मघाशीच. इथेच उभी आहे.”

 बाई पुढे झाल्या, स्क्रू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि समोर बसल्या. ओरडण्यासाठी वाटेत जमवलेलं सगळं मागेच राहिलं.

“कधीपासून?”

“नीट सांगता येत नाही. बाजूचं दिसेनासं झालं हळूहळू. समोरचं दिसतं, पण उजेड फार लागतो. दुकानातल्या दिव्यात चाकं धूसर दिसायला लागली. एकदा सहज इथं बसून पाहिलं, तर या दिव्यात जमलं.”

“डॉक्टरकडे?”

“नाही गेलो.”

“का?”

“काय का? तो सांगणार, आणि मग ते खरं होणार. घड्याळजीला दिसत नाही म्हटल्यावर घड्याळ कोण देईल?”

“मला सांगायचं होतं.”

“तुला?” ते थोडंसं हसले. “तू चेहऱ्यावरून ओळखतेस ना सगळ्यांचं. मला वाटायचं, आज ओळखशील, उद्या ओळखशील.”

 आतून सासूबाईंचा आवाज आला, “कळलं का गं तुला एकदाचं?” 

“मावशींना माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“चहा त्याच द्यायच्या. मी शपथ घातली होती कुणाला सांगू नका म्हणून.”

“आणि मी त्यांना काढलं तेव्हा तुम्ही चपला नीट लावत बसलात.”

घड्याळजींनी मान खाली घातली. म्हणाले, “हो.” मग, बोलायला काहीतरी हवं म्हणून असेल, टाकीकडे बोट केलं. “हे तुझे मासे हल्ली सारखे वर येऊन तोंड उघडतात. भूक लागत असेल म्हणून मी रोज चिमूटभर टाकतो.”

बाईंनी वळून पाहिलं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या कडेला गोळा झाले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून गिळत होते. दोन आडवे होऊन कोपऱ्यात तरंगत होते. कुपीतलं पाणी पिवळंजर्द झालं होतं. त्या धावतच गेल्या, नळकांड्याची कळ घट्ट फिरवली, हवेचा पंप लावला, बादलीनं पाणी काढून दुसरं घातलं. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. घड्याळजी बादल्या भरून आणून देत होते, चौकटीला खांदा घासत. संध्याकाळपर्यंत बरेच मासे खाली गेले. सात-आठ गेलेच.

“माझ्यामुळे,” घड्याळजी म्हणाले.

“तुम्ही दिवा लावलात. गॅस मी वाढवला,” बाई म्हणाल्या. “शेवाळ तुमचं, मासे माझे.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फिरवून बोलत नव्हत्या. काचबिंदू आहे, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून सांभाळता येईल. थेंब चुकवायचे नाहीत. मनगटी घड्याळं बंद करा, भिंतीवरची चालतील. घड्याळजींनी सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, की हे जर उन्हाळ्यात दाखवलं असतं तर.  “थोडं जास्त उरलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टाकीवरचा दिवा बाईंनी अर्ध्यावर आणला, तेवढाच गॅसही. लाल झाडं उपटून टाकली, त्यांची भूक या घराला झेपणारी नव्हती. सावलीत वाढणारी नुसती नेची ठेवली, दगडांना बांधून. कुपी हळूहळू हिरवी झाली. पण त्यांचं मन स्वस्थ नव्हतं.

मावशींचा पत्ता शेजारच्या वहिनींकडून मिळाला. त्या आता दुसऱ्या घरी कामाला होत्या, दोन रस्ते पलीकडे. “मी एकटी जाऊन येते,” बाई म्हणाल्या. घड्याळजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. “बोलायचं मला आहे,” ते म्हणाले.

दार मावशींनीच उघडलं. त्यांचे हात साबणानं ओले होते. दोघांना बघून त्या बाजूला झाल्या नाहीत, पण दारही लोटलं नाही.

“मावशी, मी चुकले,” लिटमसबाई म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना सगळा रस्ता लागला होता. “भलतंच बोलले तुम्हाला.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, ताई. माहीत नसलं की माणूस काहीही बोलतं.” मावशी घड्याळजींकडे वळल्या. “दादांना माहीत होतं.”

“हो,” घड्याळजी म्हणाले. “मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. तुम्ही शब्द पाळलात आणि मी तुमच्या जिवावर लपून बसलो.”

मावशींनी पदराला हात पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

“डोळ्यांचं काय म्हणाले?”

“आहे तेवढं राहील म्हणाले.”

“मग सांभाळा.”

“परत याल का?” बाईंनी विचारलं. “आई रोज तुमचं नाव काढतात.”

“नाही ताई. इथल्या आजोबांना माझी सवय झालीये आता. परत माणूस बदललं की ते जेवत नाहीत.” मावशींनी आत पाहिलं. कुणीतरी हाक मारत होतं. “आजींच्या टाचा बघत जा. पडून पडून लाल होतात, त्यांना कळत नाही. पायाखाली मऊ उशी द्या, टाच अधांतरी राहील अशी.”

“देईन,” बाई म्हणाल्या.

मावशींनी मान डोलावली आणि दार हलकेच लावून घेतलं.

दोघं जिना उतरून रस्त्यावर आले. ऊन कलत होतं, वाहनांची वर्दळ सुरू झाली होती. कोपऱ्यापाशी घड्याळजी थांबले. त्यांनी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एक सायकल अगदी जवळून गेली आणि ते अर्धं पाऊल मागे सरले.

“तुझ्या चपलेचा पट्टा सैल झालाय वाटतं,” ते म्हणाले. “आवाज येतोय. पडशील कुठेतरी. थांब, मी धरतो तुला.”

लिटमसबाईंनी पायाकडे पाहिलं. पट्टा घट्ट होता.

“हो, झालाय खरा,” त्या म्हणाल्या आणि कोपर त्यांच्या हातात देऊन त्यांनी रस्ता मोकळा व्हायची वाट पाहिली.